हळव्या जावयाला गाडी शिकवताना

मास्तरांचा आवाज आधी यायचा आणि गाडी मागून. गाडी शिकवणारे मास्तर म्हणून त्या भागात त्यांचं नाव होतं, आणि ते निम्मं शिकवण्यामुळे तर निम्मं ओरडण्यामुळे होतं. "क्लच! क्लच! अहो, तो क्लच आहे, झुरळ नाही चिरडायचं!" असं कोपऱ्यापलीकडून ऐकू आलं की दुकानदार बाहेर मांडलेल्या पाट्या आणि स्टुलं आत ओढून घ्यायचे. शिकाऊ गाडी वळणार, हे त्यांना कळायचं. मास्तरांकडे शिकलेला माणूस पुढे कशालाच घाबरत नाही, असं लोक म्हणायचे. काही जण मधेच उतरून सरळ सायकल विकत घ्यायचे, ती गोष्ट वेगळी.

मनाने मास्तर वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की गाडी आणि भिंत यांच्यात हातभर अंतर उरलेलं असताना 'कृपया' म्हणायला वेळ नसतो. अडचण अशी की घरात भिंत कुठेही जवळ येत नसताना तोच आवाज लागायचा. मीठ मागतानाही ते अपघात टाळल्यासारखे मागायचे.

त्यांच्या लेकीने लग्न ठरवलं तेव्हा मात्र ते चक्क गप्प बसून ऐकत होते. लेकीला घरात सगळे ठकी म्हणत. संध्याकाळच्या वर्गात ती मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. मुलगा कानाची यंत्रं बसवणाऱ्या दवाखान्यात कामाला होता. आईवडील लहानपणीच गेलेले, आत्याने वाढवलेला. एकदा तो घरी येऊन गेला होता, पण तेव्हा मास्तर घाईत होते आणि त्यांना त्याची फक्त टाचेवर झिजलेली पायताणं आठवत होती.

मग एका सकाळी त्या आत्याबाईंचा फोन आला. फोन मास्तरांच्या बायकोने घेतला. आत्याबाईंना बोलताना इंग्रजी शब्द पेरायची हौस होती, आणि पेरताना त्या बियाणं निवडून घेत नसत. बराच वेळ "हो का", "अगंबाई", "नाही नाही, काळजीच नको" असं चाललं. फोन ठेवून बायको आली ती तोंडावर बोट ठेवूनच.

"अहो, ऐका. मुलगा फार सेन्सिटिव्ह आहे म्हणे."

"म्हणजे?" मास्तरांचा आवाज सवयीने वर गेला.

"म्हणजे हेच! असं बोललेलं त्याला सोसायचं नाही. हळवा आहे. आत्याबाईंनी चारदा सांगितलं. लहानपणापासून सेन्सिटिव्ह, शाळेत सेन्सिटिव्ह, कामावर तर साहेब म्हणतात की एवढा सेन्सिटिव्ह माणूस आमच्याकडे दुसरा नाही."

ठकी चहात बिस्कीट बुडवत होती. तिने विचारलं, "आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी म्हणाल्या, उगाच भावनेच्या भरात वाहून जात नाही, विचार करून बोलतो, कुणी वाकडं बोललं तरी डोकं शांत ठेवतो." आईच्या कपाळाला बारीक आठी पडली. "आता हळव्या माणसाचं डोकं शांत कसं राहतं कोण जाणे. पण असेल एकेकाची तऱ्हा."

ठकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्गात या दोन शब्दांची अदलाबदल तिला पाठ होती. आत्याबाईंना म्हणायचं होतं सेन्सिबल, म्हणजे समंजस. तोंडातून गेलं होतं सेन्सिटिव्ह, म्हणजे हळवा. एका वाक्यात सगळा घोळ निस्तरला असता. ठकीने ते वाक्य ओठांपर्यंत आणलं, एकवार बाबांकडे पाहिलं, आणि बिस्किटाबरोबर गिळून टाकलं.

"हो आई," ती म्हणाली, "फार जपायला हवं त्याला."

इथपर्यंतही निभावलं असतं. पण मुलाला कामासाठी दवाखान्याची गाडी मिळणार होती, अट एवढीच की लायसन्स हवं. आणि घरात साक्षात मास्तर असताना बाहेर पैसे मोजून शिकायचं म्हणजे शोभलं नसतं. तेवढीच सासऱ्या-जावयाची ओळखही होईल, असं बायको म्हणाली. मास्तर उठून उभेच राहिले.

"मी शिकवू? न ओरडता?"

"न ओरडता."

"अगं, मग त्याला कळणार कसं?"

"जगात इतर लोकांना जसं कळतं तसं," बायको म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

पहिल्या दिवशी मुलगा वेळेवर आला. अंगाने चांगला धिप्पाड, हात फावड्यासारखे, पण "नमस्कार" म्हणाला ते इतकं हळू की मास्तरांना ओठ वाचावे लागले. खरंच की, त्यांना वाटलं. एवढं मोठं शरीर आणि आत काचेचं सामान. त्यांनी गाडीचं दार स्वतः उघडून दिलं. असं त्यांनी जन्मात कुणासाठी केलं नव्हतं.

गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा मास्तरांच्या घशाशी शब्द आले, दाटले, आणि मोठ्या कष्टाने वळून दुसऱ्याच कपड्यांत बाहेर पडले.

"बंद पडली वाटतं. पडू दे हं. तिलाही दमायला होतं."

"माझं काही चुकलं का?" मुलाने कुजबुजत विचारलं.

"छे छे! चूक कसली! म्हणजे, क्लच जरा आणखी सावकाश सोडला असतास तर तिला बरं वाटलं असतं. पण तुझ्या मनाला येईल तसं."

मास्तरांनी अशी एक नवीनच भाषा तयार केली. त्या भाषेत हुकूम नव्हते, सगळे प्रश्नच होते. "डावीकडे वळावंसं वाटतंय का?" "समोर म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याविषयी तुझं काय मत आहे?" मुलगाही कमाल होता. तो उलट विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं?" मास्तर म्हणायचे, "माझं सोड रे." तो म्हणायचा, "तसं कसं, तुमचं आधी." तोवर ते म्हातारे गृहस्थ जिवाच्या आकांताने फुटपाथवर चढलेले असायचे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी गाडी मागे घ्यायला शिकवत होते. बाजारामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा मोठा कचऱ्याचा डबा होता. गाडी त्याच्या रोखाने संथपणे निघाली.

"मागे काही दिसतंय का रे बाळा?"

"तुम्हाला काही दिसतंय का?"

"मला दिसतंय, पण माझ्या दिसण्याला तसा काही अर्थ नाही."

"असं नका म्हणू. तुमच्या दिसण्याला खूप अर्थ आहे."

धडाम झालं. डबा आडवा झाला, मागच्या दिव्याची काच गेली आणि गाडीवर कोबीची पानं पसरली.

"लागलं नाही ना तुला?" मास्तरांनी विचारलं. त्यांची मान कानापर्यंत लाल झाली होती.

"नाही. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"मला? मला कशाला वाईट वाटेल? छान आवाज आला."

मुलगा गेल्यावर मास्तरांनी गाडी एका बोळात नेली, चारही काचा वर केल्या आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून मनसोक्त ओरडले. बोळातून जाणारी पोस्टमनबाई आत वाकून बघत म्हणाली, "मास्तर, एकटेच शिकताय का आज?"

घरातही सुटका नव्हती. मुलगा धड्यानंतर चहाला थांबायचा. बायकोने बजावून ठेवलं होतं की त्याच्या विरळ होत चाललेल्या केसांकडे बघायचंसुद्धा नाही, टीव्हीवर रडारड लागली तर चॅनेल बदलायचं, आणि चहात साखर कमी असेल तर तो तसाच प्यायचा. मास्तर मूग गिळून बसायचे. मुलगाही खालमानेने चहा फुंकत बसायचा. ठकी दोघांच्या मधे बसून वह्या तपासायची. मधूनमधून तिचे खांदे हलायचे. मास्तरांना वाटायचं, पोरीला सर्दी झाली आहे.

सगळ्यांवर कडी झाली ती मोठ्या गोल चौकात. मधे कारंजं, सभोवार गोल रस्ता आणि त्याला फुटलेल्या पाच वाटा. गाडी गोलात शिरली.

मास्तर म्हणाले, "आता कधीतरी बाहेर पडायला हरकत नाही. तशी घाई नाही."

"कुठल्या रस्त्याने बाहेर पडू?"

"तुला कुठला आवडतो?"

"मला सगळेच चालतील. तुम्ही सांगा."

"नको, उगाच माझी जबरदस्ती नको."

एक फेरी झाली. दुसरी झाली. कारंज्यापाशी बसलेल्या फुगेवाल्याने पुढच्या फेरीला हात केला. त्याच्या पुढच्या फेरीला मुलाने त्याला परत हात केला. शेवटी वाहतूक पोलिसाने शिट्टी फुंकून गाडी कडेला घ्यायला लावली आणि तो खिडकीत वाकला.

"कुठे जायचंय तुम्हाला?"

"यांना विचारा," मुलगा म्हणाला.

"त्यालाच विचारा," मास्तर म्हणाले.

पोलिसाने छपरावरच्या पाटीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. तो मास्तरांचाच विद्यार्थी होता. या माणसाने आपल्याला भर रस्त्यात 'मातीचा गोळा' म्हटलं होतं, हे त्याला चांगलं आठवत होतं. तो काळजीने म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी आहे ना? घरी फोन करू का?"

त्या दिवशी मास्तर घरी येऊन जेवलेच नाहीत. ही लायसन्सची परीक्षा आपल्याच नावाला डाग लावून जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि एवढा हळवा मुलगा नापास झाला तर काय करून घेईल, ही काळजी वेगळीच.

परीक्षेच्या आठवडाभर आधी आत्याबाई स्वतःच भेटायला आल्या. ठेंगण्या, टणक, पर्स छातीशी धरून बसणाऱ्या. मुलगा त्यांच्या शेजारी बसला. चहा झाला, प्रवासाची चौकशी झाली, आणि आत्याबाईंनी अभिमानाने मान वळवली.

"मग व्याहीबुवा, पटलं ना माझं? आहे ना आमचा मुलगा सेन्सिटिव्ह?"

"आहे ना," मास्तर सुस्कारा टाकून म्हणाले. "फारच."

"मी सांगते ना! गेल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने याला सगळ्यांदेखत गाढव म्हटलं. याने काय करावं? हसला, आणि त्यालाच दोन्ही कानांना यंत्रं विकली!"

मास्तरांचा कप ओठांपाशी थांबला. "वाईट नाही वाटलं त्याला? रडला-बिडला नाही?"

"रडला?" आत्याबाईंनी असं पाहिलं जणू त्यांच्या खानदानावर आळ आला. "हा? अहो, लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तर डॉक्टरला म्हणाला, आधी त्या पोराला बघा, तो जास्त ओरडतोय. हा कसला रडतोय!"

"मग तुम्ही सेन्सिटिव्ह म्हणता ते..."

"सेन्सिटिव्ह म्हणजे समंजस हो! डोकं ठिकाणावर असलेला! इंग्रजीत सेन्सिटिव्हच म्हणतात ना त्याला?"

सगळ्यांच्या माना सावकाश ठकीकडे वळल्या. ठकी वहीत तोंड खुपसून एकाच ओळीखाली तिसऱ्यांदा रेघ मारत होती.

"ठके," मास्तर हळूच म्हणाले. इतक्या हळू की सगळेच घाबरले. "इंग्रजीत काय म्हणतात त्याला?"

"सेन्सिबल," ठकी वहीतूनच म्हणाली.

"आणि सेन्सिटिव्ह?"

आता लपून उपयोग नव्हता. तिने मान वर केली आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. "दोघी सख्ख्या बहिणीच आहेत, आत्या, म्हणून चुकायला होतं. एक डोक्यापाशी राहायला गेली, दुसरी कातडीपाशी. सेन्सिबल चपला म्हणजे ज्या घालून दिवसभर चाललं तरी पाय दुखत नाहीत. सेन्सिटिव्ह दात म्हणजे गार पाणी लागलं की जो ठणकतो. माणूस सेन्सिबल असला तर त्याला काहीही सांगता येतं. सेन्सिटिव्ह असला तर काय सांगायचं ते आधी तोलावं लागतं."

"अगंबाई," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणजे मी याला दात म्हटलं?"

"आणि तुला हे माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

मास्तरांच्या डोळ्यांपुढून कोबीची पानं गेली, कारंजं गेलं, फुगेवाला हात करून गेला. ते काही बोलणार तोच मुलगा खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"थांबा. म्हणजे बाबा पण सेन्सिटिव्ह नाहीत?"

"कोण बाबा?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही! हिने मला सांगितलं होतं, बाबा फार सेन्सिटिव्ह आहेत. आवाज चढवायचा नाही, उलट बोलायचं नाही, चूक काढायची नाही, त्यांना लागतं." प्रत्येक शब्दाला त्याचा आवाज वर चढत होता. दिवसभर कमी ऐकणाऱ्यांशी बोलून कमावलेला तो आवाज होता, आणि इतके दिवस तो कोंडून ठेवलेला होता. "मला तो कचऱ्याचा डबा दिसत होता! आरशात अख्खा दिसत होता! मला वाटलं, तुम्हाला त्यातून काहीतरी शिकवायचंय!"

कपाटातल्या काचा थरथरल्या. बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले. मास्तर मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक अशी कळा येत होती की जणू परमुलखात कुणी आपल्या गल्लीतला भेटला.

"दिसत होता तर ब्रेक का नाही मारलास, शहाण्या!" त्यांनी खच्चून विचारलं.

"तुम्ही म्हणाला नाहीत म्हणून!"

"मी म्हणायला कशाला हवं! तुझे पाय काय घरी ठेवून आला होतास?"

"आणि त्या गोल चौकात! रस्ता सांगायला काय झालं होतं?"

"पोटात कळा आल्या माझ्या त्या चौकात!"

"मला भोवळ आली!"

दोघं मग बराच वेळ एकमेकांवर ओरडत होते. त्यात दिव्याची काच निघाली, चहातली साखर निघाली, मुलाचं टक्कलही निघालं आणि त्यावर सगळ्यात जोरात तोच हसला. आत्याबाई पर्स मांडीवर ठेवून समाधानाने म्हणाल्या, "विहीणबाई, छान जमलं हो यांचं."

ओरडून घसा बसल्यावर मास्तर लेकीकडे वळले. "का केलंस असं?"

ठकीने वही मिटली. ती म्हणाली, "घर शांत होतं बाबा. तुम्ही कुणाशी तरी इतकं हळू बोलताय, ते ऐकायला मजा येत होती." मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "मला तुम्ही शिकवायला घेतलं होतं, आठवतं? तिसऱ्या दिवशी मी पुलावर गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. मास्तरांची लेक, आणि अजून बसने फिरते."

मास्तरांना पूल आठवला. आपण काय बोललो होतो ते मात्र आठवलं नाही, आणि तेच त्यांना जास्त टोचलं.

पुढच्या आठवड्यात त्या भागातल्या दुकानदारांनी पाट्या आत ओढल्या त्या कायमच्याच. गाडीतून आता दोन आवाज यायचे. "आरसा!" "बघितला!" "कधी?" "तुम्ही ओरडत होतात तेव्हा!" मुलगा झपाट्याने शिकला. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला पास केलं, वर फक्त इतकं सांगितलं की उत्तरं जरा हळू दिलीत तरी मला ऐकू येतं.

लग्नाला अजून अवकाश होता. एका रविवारी सकाळी मास्तर ठकीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात किल्ली होती.

"चल."

"कुठे?"

"कुठेही. तूच नेणार आहेस."

ठकीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "बाबा, मी सेन्सिबल नाही हं. मी दुसरी आहे. आधीच सांगते."

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "दातासारखी."

सुरुवातीचे रस्ते रिकामे होते आणि बरे गेले. मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. दोनदा त्यांच्या घशातून केटलीसारखा आवाज आला, पण शब्द आले नाहीत. मग बाजाराजवळच्या सिग्नलला हिरवा लागला आणि गाडी बंद पडली. ठकीने किल्ली फिरवली. गाडी हिसका देऊन पुन्हा बंद पडली. मागे एक हॉर्न वाजला, मग तीन, मग सगळेच. तिचे हात घामाने स्टिअरिंगवरून घसरायला लागले. ती मान न वळवता म्हणाली, "बाबा, ओरडू नका."

मास्तरांनी काच खाली केली. कंबरेपर्यंत बाहेर वाकले, मागे वळले, आणि इतक्या दिवसांचं शिल्लक राहिलेलं सगळं मागच्या गाड्यांवर रिकामं केलं. "काय आग लागलीय का रे कुणाच्या घराला? आईच्या पोटातून गाडी चालवत आला होतात का सगळे? तो हॉर्न आहे, जत्रेतली पिपाणी नाही! ए निळ्या शर्टवाल्या, तुला मीच शिकवलंय, तू तर मान खाली घाल!"

हॉर्न एकेक करून बंद झाले. निळ्या शर्टवाल्याने खरंच मान खाली घातली. मास्तर आत आले, काच वर केली, शर्ट नीट केला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सावकाश. हिरवा पुन्हा लागतो."

ठकीने डोळे पुसले, हसल्यामुळे की आणखी कशामुळे ते तिलाही सांगता आलं नसतं. गाडी सुरू झाली. तिने आरशात पाहिलं, डावीकडचा इंडिकेटर दिला आणि उजवीकडे वळली.

मास्तरांनी दोन्ही हात पुन्हा मांड्यांखाली दाबले.

"घरी जायला," ते म्हणाले, "हाही एक रस्ता आहे."